तीन दिवसांची बेरीज

माथेरानची जुनी माणसं अजून पाऊस इंचांत मोजतात. जुलै अर्धा उलटला की खाली नेरळला भेटणाऱ्याला पहिला प्रश्न, ‘शंभर झाले का?’ शंभर इंच म्हणजे अडीच हजार मिलिमीटर. आम्ही कर्जतकर मिलिमीटरवाले. निदान आमच्या घरात तरी, कारण माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, वहीत पहिल्या पानापासून मिलिमीटरच आहेत.

२०१५च्या हिवाळ्यात बॉस्टनहून भाच्याचा फोन आला होता. ‘मावशी, आमच्याकडे शंभर इंचांच्या वर गेला!’ तो बर्फाबद्दल बोलत होता. त्या मोसमात बॉस्टनने स्वतःचे जुने विक्रम मोडले. त्याच्या गल्लीतले म्हातारे दारात पट्टी रोवून बर्फ मोजत आणि १९७८च्या फेब्रुवारीतल्या हिमवादळाशी ताडून बघत. दहा इंच बर्फ वितळला की साधारण एक इंच पाणी होतं, हे मी त्याला सांगितलं, तेव्हा त्याने तिथल्या तिथे हिशेब करून आमचा जुलै त्यांच्या हिवाळ्यापुढे उभा केला. ती माणसं मी कधी पाहिली नाहीत, पण ती आमच्याच जातकुळीची. आभाळातून काय आणि किती आलं, हे स्वतःच्या हाताने मोजल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही.

कर्जतमधल्या दहिवलीच्या आमच्या अंगणातला पर्जन्यमापक अण्णांनी मुंबईत प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणला. ते खालापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. पाच इंच व्यासाचं गोल तोंड, खाली नरसाळं, नरसाळ्याखाली बाटली आणि सोबत आखीव काचेचं मोजपात्र. तोंडाची कड जमिनीपासून तीस सेंटिमीटर वर, आणि भिंत किंवा झाड जितकं उंच त्याच्या निदान दुप्पट अंतर लांब. या नियमापायी आईचा शेवगा गेला. सकाळी साडेआठला नोंद. आधी नाही, नंतर नाही. देशभरच्या वेधशाळा त्याच वेळी चोवीस तासांचा पाऊस मोजतात, म्हणून अण्णांचाही दिवस साडेआठला संपायचा आणि साडेआठलाच सुरू व्हायचा. बाटली रिकामी करायची, झटकायची, परत ठेवायची. तारखेशेजारी आकडा, आकड्याशेजारी नक्षत्र. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, हे मी त्या रकान्यातूनच शिकले.

साडेआठनंतर फोनाफोनी. फोन घरात यायच्या आधी ती निरोपांनी चाले. अण्णांचे एक स्नेही रेल्वेत होते, ते पळसदरीचा पाऊस सांगत. एक भातशेतकरी नेरळकडचा, एक खोपोलीच्या कारखान्यातला. मोजमाप सगळ्यांचं सारखं नव्हतं, एकाकडे तर सरळ उभ्या कडांचा पत्र्याचा डबा होता. पण रविवारी ही मंडळी आमच्या ओसरीवर जमली की पावसांच्या गोष्टी निघत, आणि त्या गोष्टींना तारखा असत. अमक्या साली मृग कोरडा गेला, तमक्या साली हस्ताने उभं पीक झोपवलं. थंडीसुद्धा निघे. १९६२च्या २२ जानेवारीला सांताक्रूझचा पारा ७.४ अंशांवर उतरला होता. समुद्रापासून आत, डोंगराच्या कुशीतल्या आमच्या रात्री त्याहून बोचऱ्या, असं सगळे एकमताने म्हणत. थंडीची आठवण मात्र लगेच पोपटीकडे वळायची. भात निघाल्यावर ओलीवर धरलेला वाल, मडक्यात भांबुर्डीचा पाला, वर जाळ. थंडी आमच्याकडे पाहुणी, तिच्याशी कोणाचं भांडण नाही. पावसाशी मात्र आमचं घरच्यासारखं नातं होतं, आणि घरच्यासारखंच ते कठीण होतं.

हा मुलूखच पावसाने वाढवलेला. अरबी समुद्रावरून आलेला वारा सपाटीवर फार थांबत नाही. तो सह्याद्रीला भिडतो, वर चढतो, थंड होतो आणि हातचं सगळं इथे टाकतो. घाटमाथ्यावर साठवलेलं पाणी टाटांच्या नळांतून खाली येतं. खोपोलीचं वीजघर १९१५च्या सुमाराचं, भिवपुरीचं १९२२चं. भिवपुरीला वीज देऊन झालेलं पाणी पेज नदीत सोडतात, म्हणून भर मे महिन्यात, सगळे ओढे आटलेले असताना, पेज वाहत असते. उन्हाळी भात त्यावर होतं. जुलैत आम्ही मोजलेला पाऊस मे महिन्यात शेतात उभा असतो, असं अण्णा म्हणत, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा उजळायचा. जोराच्या पावसाचं आम्हाला भय नव्हतं, अप्रूप होतं. रात्री कौलांवरचा आवाज वाढला की मी उठून बसायची, उद्या बाटली किती भरेल या ओढीने.

१९८९च्या जुलैत, २४ तारखेच्या पहाटे, अण्णांनी साडेआठपर्यंत वाट पाहिली नाही. बाटली भरून बाहेर सांडू नये म्हणून कंदील घेऊन ते रात्रीतून पुन्हा पुन्हा अंगणात जात होते. मी अकरा वर्षांची होते, छत्री माझ्याकडे. तो आकडा वहीत लिहिला तेव्हा आम्हाला आनंदच झाला होता. दुपारनंतर कळलं की खोपोलीपलीकडे जांभूळपाड्यात अंबा नदी गावात शिरली आणि घरंच्या घरं माणसांसकट नेली. त्या रविवारी ओसरीवर मंडळी आली, पण कोणी कोणाला ‘किती?’ विचारलं नाही.

२००५ साली मी मुंबईत नोकरी करत होते. २६ जुलैची रात्र ठाण्याच्या अलीकडे उभ्या लोकलमध्ये गेली. डब्यातल्या बायकांनी डबे वाटून खाल्ले, एकीने तान्ह्या बाळाला रात्रभर मांडीवर घ्यायची पाळी लावून दिली. दोन दिवसांनी घरी पोचले तर अण्णा म्हणाले, आधी जेव. मग म्हणाले, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला फक्त ७३! एकाच शहराची दोन टोकं. हा फरक त्यांना फार दिवस पुरला. पाच इंची तोंडाचा मापक फक्त पाच इंचांचं सांगतो, शेजारच्या डोंगरावर काय झालं ते त्याला ठाऊक नसतं, असं ते मला समजावत. त्याच पावसाने माथेरानची छोटी गाडी बंद पाडली. रूळच वाहून गेले होते, ती पुन्हा सुरू व्हायला २००७ साल उजाडलं. आणि महाडकडे जुई, दासगाव इथे डोंगर घरांवर आले. दरड हा शब्द अण्णांच्या वहीच्या समासात तेव्हा पहिल्यांदा आला.

अण्णा गेल्यावर वही माझ्याकडे आली. मी नोकरी सोडून कर्जतला परतले होते. २०१९च्या २७ जुलैला उल्हास नदी रुळांवर आली आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात उभी राहिली. हजारावर प्रवासी होते, सगळे सुखरूप निघाले. नदीकाठच्या गावकऱ्यांचं त्यात मोठं काम आहे, ते कमी सांगितलं जातं. २०२१च्या २२ जुलैला तळिये गाव दरडीखाली गेलं. वहीतल्या या तारखा एकाखाली एक ठेवल्या की नक्षत्राच्या रकान्यात प्रत्येक वेळी पुष्यच दिसतं. सव्वा-दीड महिना पाऊस पिऊन जमीन तुडुंब झालेली असते, त्यावर म्हातारा येतो. एरवी ज्या पावसाने फक्त ओढे भरले असते, तो मग डोंगर हलवतो.

२०२३ साली पुष्याचीही वाट पाहावी लागली नाही. १९ जुलैच्या रात्री, पुनर्वसू संपता संपता, खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. चौकहून जाताना तो सुळका आणि त्यातलं नेढं स्पष्ट दिसतं. लहानपणी अण्णांबरोबर आम्ही त्या वाडीवरून गडावर गेलो होतो. ठाकरांची वस्ती, शेणाने सारवलेली अंगणं, एका आजीने दिलेलं ताक. वर गाडीरस्ता नव्हता. त्या रात्री मदतीला निघालेली माणसं चिखलातून, अंधारात, पायी चढली. त्या चढणीवर अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने जीव गेला. यंत्रं वर नेता येईनात, हवेमुळे हेलिकॉप्टर उडेना, माती हातांनी उपसावी लागली. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा सत्तावीस मृतदेह मिळाले होते आणि सत्तावन्न माणसं बेपत्ता होती. ती त्या मातीतच राहिली.

विधानसभेत सांगितलं गेलं की त्या भागात तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता. मी तो आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहिला आणि सवयीने तिनाने भागला. दिवसाला १६६. हवामान खात्याच्या जोरदार पावसाच्या तीन पायऱ्या आहेत. साडेचौसष्टपासून पहिली, एकशे पंधराच्या पुढे दुसरी, दोनशे चारच्या वर तिसरी. १६६ दुसऱ्या पायरीत बसतो. आमच्या वहीत १६६ची पानं कितीतरी आहेत. त्या आकड्यावर रविवारच्या ओसरीवर कोणाचे डोळेही विस्फारले नसते.

तेव्हापासून मला वही वेगळी दिसू लागली. आम्ही रोज साडेआठला बाटली रिकामी करतो आणि पाऊस शून्यापासून मोजायला घेतो. डोंगराची माती साडेआठला रिकामी होत नाही. सोमवारचं पाणी तिच्यात मंगळवारी असतं, मंगळवारचं बुधवारी. कातळावरचा झिजलेल्या मातीचा थर भिजत, जड होत जातो, झिरपलेलं पाणी खालच्या अभंग कातळावर अडतं आणि आतून मातीला उचलू लागतं. बुधवारी रात्री पडलेल्या सरीच्या आधी दोन दिवसांचा पाऊस तिथे मुक्कामाला असतो. अण्णांची पद्धत चूक नव्हती, ती पिकासाठी आणि धरणासाठी होती. उतारावर झोपणाऱ्या माणसासाठी तिच्यात एक बेरीज वाढवायला हवी होती.

ती आता आम्ही करतो. आम्ही म्हणजे ओसरीवरच्या मंडळींची पुढची पिढी: नेरळच्या शेतकऱ्याचा मुलगा, खोपोलीची एक शिक्षिका, माथेरानला राहणारे आणि इंच न सोडणारे एक काका, मी. रोजच्या आकड्याखाली मागच्या तीन दिवसांची बेरीज, आणि पावसाचा जोर असेल तर रात्री झोपण्याआधी आणखी एक नोंद. सरकारची मंडलवार स्वयंचलित केंद्रं आहेत, त्यांचा उपयोग मोठा आहे. पण मंडल म्हणजे पुष्कळ गावं, आणि केंद्र बहुधा सपाटीवर. कुलाबा आणि सांताक्रूझ आम्ही विसरलेलो नाही. म्हणून डोंगरउतारावरच्या एका ठाकरवाडीच्या शाळेत आम्ही वर्गणी काढून मापक बसवला. इर्शाळवाडीच्या वाचलेल्या लोकांना पुढे चौकजवळ पक्की घरं मिळाली. बाकीच्या वाड्या अजून उतारावरच आहेत, आणि यंदाही त्या तिथेच पावसाळा काढतील.

तिथली नोंद सातवीतली एक मुलगी घेते. जोराच्या रात्री ती साडेआठची वाट पाहत नाही, वडिलांच्या फोनवरून आकडा कळवते आणि बेरीज स्वतः करूनच सांगते. गेल्या पावसाळ्यात तिची वही तपासायला मागितली, तर पावसाच्या आकड्यापुढे तिने एक जास्तीचा रकाना आखलेला दिसला. वाडीच्या वरच्या झऱ्याचं पाणी: स्वच्छ की गढूळ. तिच्या आजीने सांगितलं होतं, झरा अचानक गढुळला की वरची माती सुटायला लागली, तेव्हा तिथे निजायचं नाही. तो रकाना आता आमच्या सगळ्यांच्या वहीत आहे. ज्यांच्या दारात झरा नाही, ते वरच्या वाडीला फोन करून भरतात.