पळणारी इंग्रजी, चालणारी मराठी

अमेरिकेत पीएच.डी.ला येऊन जेमतेम दुसरा आठवडा झाला होता. भट्टीत एक नमुना तापवायचा होता, त्याचा आराखडा मी गाइडना दाखवला. कागदावर नजर फिरवून ते म्हणाले, "गुड. रन इट बाय द टेक्निशियन." आता 'बाय' म्हणजे 'च्याकडून', हे शाळेतल्या पॅसिव्ह व्हॉइसने मनावर कोरलेलं. म्हणजे प्रयोग टेक्निशियन करणार! मी कागद त्याच्या टेबलावर ठेवला आणि दोन दिवस निवांत. तिसऱ्या दिवशी गाइडनी विचारलं, रीडिंग्ज कुठायत? तेव्हा कळलं की 'रन इट बाय' म्हणजे नुसतं त्याच्या नजरेखालून घाल. भट्टी मीच पेटवायची होती.

तेव्हापासून या 'रन'वर मी डूख धरून आहे. इथे सर्दी झाली की नाक रन होतं, धुण्यात कपड्याचा रंग रन होतो, घरातलं दूध संपलं की माणूस दुधाबाबत रन आउट होतो (अंपायर कुठेच नसतो). निवडणुकीला अमेरिकन उमेदवार रन करतो. ब्रिटनमधला मात्र स्टँड करतो. आपलाही उभाच राहतो. काहींना नंतर बसवलं जातं, पण तो वेगळा विषय.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात एकट्या 'रन' या क्रियापदाचे 645 अर्थ आहेत, असं 2011 साली प्रसिद्ध झालं होतं. पीटर गिलिव्हर नावाचे संपादक त्यावर नऊ महिने बसले होते. 1928 साली पूर्ण झालेल्या पहिल्या आवृत्तीत हा मान 'सेट'कडे होता. या दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळात यंत्रं आणि पुढे संगणक घरोघरी आले आणि ते सगळं 'रन' व्हायला लागलं, हे एक कारण असणारच.

गंमत अशी की या सगळ्या ठिकाणी इंग्रजी पळते आणि मराठी चालते. घड्याळ चालतं, पंखा चालतो, दुकान चालतं, डोकं चालतं, फाटकी नोट चालते (किंवा नाही). तोंड तर विचारूच नका. अपवाद रेल्वेचा. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी 'धावली' असंच आपण लिहितो. पण तीही फक्त छापील मराठीत. फलाटावरचा माणूस "गाड्या चालू आहेत का?" असंच विचारतो.

आणि फोनवर "कसं काय?" म्हटलं की उत्तर ठरलेलं. "चाललंय."

गेल्या वर्षी इथे नेहमीच्या तपासणीला गेलो. रक्तदाब थोडा जास्त निघाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "डझ हार्ट डिसीज रन इन द फॅमिली?" हा 'रन' मला बरोबर कळला. मी ठामपणे "नो" म्हणालो. त्यांनी तसं टिपून घेतलं.

रात्री घरी फोन केला तेव्हा आईला सहज सांगितलं. ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "अरे, यांना दोन स्टेंट बसवल्यात. तुझा प्रबंध द्यायचा होता ना त्या महिन्यात. आणि काकाचं तर तुला माहितीच आहे." काकाचं मला काहीच माहीत नव्हतं. आजोबा 'झोपेतच गेले' एवढंच ऐकलं होतं, ते का गेले हे मी कधी विचारलं नव्हतं.

मी हिशेब केला. त्या महिन्यात दर रविवारी बाबांशी बोललो होतो. एका रविवारी ते हॉस्पिटलातून बोलत होते. मी विचारलं होतं कसं काय, ते म्हणाले होते, चाललंय.

रागावलो, पण कुणावर ते कळेना. सोमवारी दवाखान्यात फोन करून आधीचं "नो" बदलून घेतलं. मग बाबांना फोन लावला आणि नेहमीचाच प्रश्न विचारला.

"चाललंय," बाबा म्हणाले.

"बाबा, चाललंय म्हणजे नक्की काय ते सांगा."

पलीकडे थोडी खाकरल्यासारखी शांतता.

"रोज सकाळी दोन किलोमीटर. चढ लागला की थांबतो."