बंद झालेल्या गेमची श्रेयनामावली

'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'चा नवा अवतार 2021च्या जानेवारीत यायचा होता. युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ तो करताहेत, अशी घोषणा 2020च्या सप्टेंबरात झाली तेव्हा आम्हा गेमवाल्यांची कॉलर ताठ झाली होती. मूळचा 2003चा गेम सुरूच होतो भारतातल्या एका महाराजाच्या राजवाड्यात. तो आता भारतातच नव्याने घडणार, याचं अप्रूप होतं. पण ट्रेलर आला आणि त्यातल्या चेहऱ्यांवरून जगभरच्या लोकांनी यथेच्छ तोंडसुख घेतलं. तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत लांबली. 2022मध्ये काम माँट्रियलला गेलं आणि 2026च्या जानेवारीत कंपनीने गेमच रद्द केला. नायकाच्या हातात काळ उलटा फिरवणारा खंजीर, आणि त्याच्या गेमची ही गत! बातम्या मात्र कंपनीच्या फेररचनेच्या आणि शेअरच्या भावाच्या होत्या.

छोट्या स्टुडिओचा गेम बंद पडतो तेव्हा तेवढीही बातमी होत नाही. जाहीरच न झालेली गोष्ट रद्द झाल्याचं कुणाला कळणार?

आमचा स्टुडिओ कोथरूडमधल्या एका सोसायटीत, टू बीएचकेत चालतो. परदेशी कंपन्यांसाठी झाडं, गाड्या, बंदुका, दारं-खिडक्या बनवून द्यायच्या आणि त्या पैशांवर स्वतःचा गेम पोसायचा, हा इथल्या बऱ्याच जणांचा धंदा, आमचाही तोच. आमचा गेम होता कात्रजच्या नळाचा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं, पेठापेठांतून हौद बांधले, हवेला वाट म्हणून उच्छ्वास उभारले. या अंधाऱ्या नळात एक पखालवाल्याची पोर उतरते आणि पाणी कुठे अडलंय ते शोधते, एवढीच गोष्ट. एका पेठेतला हौद भरायला गेलं की दुसऱ्या पेठेतला आटायचा; कोडं तिथे होतं. उच्छ्वासातून खाली आलेला उजेड पाण्यावर पडून भिंतीवर हलायचा, तो आमच्या लायटिंग करणाऱ्या मुलीने इतका हुबेहूब उतरवला होता की पाहणारा थबकायचा. थेंबांचा आवाज तांब्याच्या घागरीत रेकॉर्ड केलेला होता. घागर एकाच्या आजीची.

खेळून बघायला इंजिनिअरिंगची मुलं यायची. त्या उजेडाचे फोटो काढायची, तिसऱ्या हौदापाशी पोचायची आणि कंट्रोलर खाली ठेवायची. "भारी आहे सर, पण पुढे काय करायचं?" कोडी बदलली, नकाशा दिला, पोरीला बोलतं केलं. तिसरा हौद काही कुणाला ओलांडवेना. पब्लिशर मंडळी पिच ऐकून घेत आणि 'पुन्हा बोलू' म्हणत. शेवटी सीएने एक्सेलची शीट समोर ठेवली. त्यात उजेडाला रकाना नव्हता. गेम बंद करणं बरोबरच होतं, असं मी आजही म्हणेन.

अशा वेळी पुण्यात कुणी ना कुणी 'राजी'चं नाव काढतोच. नॉडिंग हेड्स या इथल्याच छोट्या स्टुडिओने 2017मध्ये लोकवर्गणीसाठी किकस्टार्टरवर मोहीम काढली, ती फसली. तरी मंडळी चिकटून राहिली. 2020मध्ये 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' आला आणि त्याच वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या उत्तम गेमच्या नामांकनांत जाऊन बसला. मला त्या लोकांचं मनापासून कौतुक आहे. पण चिकाटीच्या कथा तगलेल्यांच्याच सांगितल्या जातात. तितकंच चिकटून राहून घर धुऊन बसलेले भाषण द्यायला येत नाहीत.

दुसरं टोक हेलसिंकीचं. तिथली सुपरसेल कंपनी गेम बंद केला की शॅम्पेन फोडते, असं या धंद्यात कौतुकाने सांगतात. फोडावी की! पाठीशी 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'ची कमाई आहे. ब्लिझार्डनेही सात वर्षं राबून 'टायटन' सोडून दिला, पण त्याच्या अवशेषांतून 2016मध्ये 'ओव्हरवॉच' उभा राहिला. मोठ्यांच्या घरी वाया गेलेलंही कामी येतं. आम्ही त्या दिवशी चहा मागवला आणि दुसऱ्या दिवशी एका परदेशी गेमसाठी कचऱ्याचे डबे करायला बसलो.

मला खुपतं ते पुढचं. पुण्यात नाटक पडलं तरी शुभारंभाचा प्रयोग झालेला असतो; जाहिरातीत प्रकाशयोजनाकाराचं नाव छापून आलेलं असतं. बंद पडलेल्या गेमला श्रेयनामावलीच नसते. आमची ती लायटिंगवाली नंतर दुसरीकडे मुलाखतीला गेली, तर पोर्टफोलिओत दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं, कारण गोपनीयतेच्या करारावर सही केलेली. पोर्टफोलिओत शेवटचं काम जुनं, मध्ये मोठी पोकळी, आणि समोरचा विचारतो, "या काळात काय केलंत?" ती म्हणाली, "सांगता येत नाही." करार मोडायचा नाही, ही तिची सचोटी, आणि तीच तिच्या आड आली.

गोपनीयता कशासाठी, हेही बघायला हवं. पब्लिशरचा पैसा असेल, दुसऱ्याचं पात्र किंवा तंत्र वापरलं असेल, तर ती पाळलीच पाहिजे. पण स्वतःच्या खिशातून केलेला, कधीच न येणारा गेम कुणापासून लपवायचा? बहुतेक वेळा करारातलं ते कलम कुठून तरी जसंच्या तसं उचललेलं असतं, आणि ते शिथिल करायचं कुणाला सुचत नाही. गेम बंद करताना सगळ्यांना हिशेबाची घाई असते. आमच्याकडे उशिरा का होईना, त्या लायटिंगवालीला तिचं काम दाखवायची मुभा देणारं पत्र दिलं गेलं.

म्हणून स्टुडिओ चालवणाऱ्यांना विनंती आहे. ज्या दिवशी गेम बंद कराल, त्याच दिवशी त्यावर काम केलेल्या सगळ्यांची नावं आणि कामं लिहून काढा, सोडून गेलेल्यांचीसुद्धा. कुणी कोणती दृश्यं, कोणती मॉडेल्स, कोणते आवाज पोर्टफोलिओत दाखवायचे, याची परवानगी लेखी द्या. एका पानाचं काम आहे, वकीलही लागत नाही.