कोनाची व्हय तू?

एक कबुली आधीच देऊन टाकते. मला वाया गेलेली माणसं आवडतात. प्रत्यक्षात नाही हो, पडद्यावर! चाळीसच्या दशकातले ते ब्लॅक अँड व्हाइट अमेरिकन सिनेमे, ओले रस्ते, खिडकीच्या पट्ट्यांची भिंतीवर पडलेली सावली आणि हॅट घातलेला एक माणूस. त्याचं आता काही खरं नाही, हे त्याच्यासकट सगळ्यांना ठाऊक असतं. दिवसभर टार्गेट, अप्रेझल आणि 'पॉझिटिव्ह राहा'चे मेल झेलल्यावर रात्री कुणीतरी निवांतपणे बुडताना बघितलं की मला शांत झोप लागते. विचित्र आहे, मान्य.

तर गेल्या नोव्हेंबरात असे तीन सिनेमे लॅपटॉपमध्ये भरून मी अनसिंगला गेले. अनसिंग कुठे? वाशिम जिल्ह्यात. पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स, सकाळी वाशिम आणि तिथून पुसद रोडने वीस-पंचवीस किलोमीटर एसटी. सोयाबीन निघून गेलेलं, तूर उभी, हवेत छान गारवा. काम एका दिवसाचं होतं. बाबा गेल्यावर गावच्या शेताच्या सातबाऱ्यावर माझं नाव लागलं होतं. ती जमीन काका तीस वर्षं कसताहेत. माझ्या हिश्शाचं हक्कसोडपत्र त्यांच्या नावे करून द्यायचं, सही करायची, परत यायचं. सोमवारी ऑफिस.

एसटीत बसल्या बसल्या मी गावाचा नॉयर करून टाकला होता. हसू नका. हे सिनेमे शहराचे असतात असं आपण समजतो, पण त्यातले दोन उत्तम सिनेमे सुरू होतात छोट्याशा गावात आणि तेही पेट्रोल पंपावरच्या माणसापाशी. 'द किलर्स' (1946), बर्ट लँकेस्टरचा पहिलाच सिनेमा. दोघं त्याला मारायला आलेत हे कळूनही तो खोलीत पलंगावर पडून राहतो. पळतच नाही! 'आउट ऑफ द पास्ट' (1947) मधला रॉबर्ट मिचम नाव बदलून आडगावात पंप चालवतो आणि एक दिवस जुन्या ओळखीतलं कुणीतरी गाडी घेऊन दारात येतं. दोघांनाही एवढंच हवं असतं, की आपण कोण हे इथे कुणी विचारू नये.

अनसिंगच्या एसटीत ते टिकले असते का? मला तिकीट मिळायच्या आत शेजारच्या आजींनी विचारलं, "कोनाची व्हय वं पोरी तू?" मी आजोबांचं नाव सांगितलं. त्यांनी माझ्या बाबांचं, काकांचं, आत्याचं आणि कुठल्या साली आमची विहीर ढासळली त्याचं सगळं सांगितलं. मग पुढच्या सीटवरच्यांनी मागे वळून बघितलं. स्टँडवर पानवाल्यानं तेच विचारलं. घरी पोचेपर्यंत मी पाच वेळा 'कोणाची' होते. बिचारा मिचम!

गावाचं नाव शृंगऋषींवरून पडलं असं इथे सांगतात. ऋष्यशृंगाची गोष्ट आठवते? अरण्यात वाढलेला, बाई कधी न पाहिलेला मुलगा. राज्यात पाऊस पडावा म्हणून राजा गणिका पाठवून त्याला भुलवून आणतो. म्हणजे हॉलिवूडच्या काही हजार वर्षं आधीच भुलवणारी बाई तयार होती! फक्त आपल्याकडे शेवटी पाऊस पडतो आणि ऋषीचं लग्न होतं. अमेरिकन स्टुडिओच्या हाती लागला असता तर तिसऱ्या रिळात त्याच्या हातात पिस्तूल असतं.

रात्री बेसन-भाकर झाली आणि लाइट गेली. लॅपटॉपला बॅटरी होती. ओट्यावर चुलतभाऊ, काकू आणि शाल पांघरलेले काका. बिली वाइल्डरचा 'डबल इन्डेम्निटी' (1944) लावला. विमा एजंट वॉल्टर नेफ गोळी लागलेल्या अवस्थेत रात्री ऑफिसात येतो आणि यंत्रात आपला कबुलीजबाब बोलायला लागतो. शेवट पहिल्या पाच मिनिटांत! मी मराठीत सांगत होते, काका ऐकत होते. मग तो सीन आला, जिथे नवऱ्याला गाडीच्या विम्याचे कागद आहेत असं भासवून अपघात विम्यावर सही घेतली जाते. काका पुढे सरकले.

"सही करून राह्यला अन् वाचून नाही राह्यला? वाचलं कावून नाही त्यानं?"

पुढचा सगळा सिनेमा काकांना त्या एका प्रश्नावरच अडकवून ठेवला. बार्बरा स्टॅनविकचं मोहक वागणं, सावल्या, संवाद, कशाचं काही नाही. वाचलं कावून नाही!

अंथरुणावर पडल्यावर मला मात्र आपल्या 'माणूस'ची मैना आठवत राहिली. पुण्याच्या 'प्रभात'मध्ये शांतारामबापूंनी तो 1939 साली केला, 'द माल्टीज फाल्कन'च्या दोन वर्षं आधी. 'फिल्म नॉयर' हा शब्द फ्रेंच समीक्षकांनी या अमेरिकन सिनेमांना लावला तो तर 1946 मध्ये. शाहू मोडकांचा गणपत हवालदार, शांता हुबळीकरांची मैना वेश्या. अंधार, गल्ल्या, धाड, सगळं त्यात आहे. गणपत तिला आईकडे घेऊन जातो, पण त्या सोवळ्या घरात ती टिकू शकत नाही. पुढे तिच्या हातून मामाचा खून होतो आणि गणपत सोडवायला आला तरी ती तुरुंगातून बाहेर यायला नकार देते. 'बाजी'पासूनचे (1951) आपले हिंदी गुन्हेपट शेवटच्या रिळात कच खातात, हीरोला निर्दोष सोडतात. 'माणूस' कच खात नाही, म्हणून मला तो सगळ्यांत वरचा वाटतो.

आणि त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं की मैना आणि अमेरिकन मंडळी अगदी उलट कारणांनी बुडतात. नेफ मरत असताना बोलतो कुणाशी, तर यंत्राशी. त्याला विचारणारं कुणी नाही. मैनाला सगळेच विचारतात. 'कोणाची व्हय तू?' याचं उत्तर देता येत नाही म्हणून तर ती उंबऱ्यावरून मागे फिरते. एसटीत मला जे गोड वाटलं होतं, ते माझ्याकडे आजोबांचं नाव होतं म्हणून. गावात अशी एखादी असेलच, जिला स्टँडवरून घरापर्यंतचा तो रस्ता संपता संपत नसेल.

सकाळी वाशिमला निघायच्या आधी काकांनी मसुदा माझ्यापुढे ठेवला. "वाच. मोठ्यानं वाच. मी आयकतो."

"काका, वकिलांनी बघितलंय."

"तू पाह्यलं का?"

नव्हतं पाहिलं. बँकेचे, ऑफिसचे, फ्लॅटचे, आजवर कुठले कागद मी वाचलेत? मग ओट्यावर बसून वाचायला लागले. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, पूर्वेला नाला. दुसऱ्या पानावर बाबांचं नाव आलं, त्याआधी 'मयत'. तिथे आवाज अडकला. काकू आतून पाणी घेऊन आल्या. काका नाल्याच्या दिशेला बघत बसले. मग म्हणाले, "पुढं वाच. अन् पटलं नाही तं नको करू. नाव राह्यलं त्यावर तं मले काई जड नाही."

शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा एकदा, या वेळी मनात. दर वेळी माझ्या सहीसाठी काकांचं काम अडायचं, हे खरं होतं. माझ्या नावाखाली बाबांचं नाव होतं, हेही खरं.

दुपारी वाशिमच्या निबंधक कार्यालयात दोन साक्षीदार, फोटो, अंगठा, सही. एकूण वीस मिनिटं. काकांनी माझी सही चष्मा पुसून पुन्हा बघितली.

संध्याकाळी बॅग घ्यायला अनसिंगला परत आले, तर स्टँडवर पानाच्या गादीवर आता दुसराच पोरगा बसला होता. सुपारी कातरता कातरता त्याने विचारलं, "कोनाच्या घरच्या व्हय तुम्ही, ताई?"

मी आजोबांचं नाव सांगितलं.