श्रिंकेजची पट्टी

वडिलांच्या हत्यारपेटीत एक पोलादी पट्टी होती. शाळेतली पट्टी तिच्याशेजारी ठेवली की रेघा जुळायच्या नाहीत. मला वाटायचं, हीच चुकलेली आहे. वडील म्हणाले, "लोखंड थंड होताना अंग चोरतंय बाळा. जेवढं चोरणार, तेवढं आधीच द्यायचं." त्या पट्टीवरचा १ मीटर म्हणजे प्रत्यक्षात १०१० मिलिमीटर. बिडासाठी एवढं पुरतं. पोलाद ओतायचं तर याच्या जवळपास दुप्पट द्यावं लागतं.

कोल्हापुरात ऑइल इंजिनं आणि पंप बनू लागले, त्यांच्यामागून ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, बनवणारी आमच्यासारखी दुकानं उभी राहिली. सागवान, रंधा, पटाशी आणि ही पट्टी, एवढ्यावर वडिलांनी संसार केला. थ्रीडी प्रिंटर मी आणला. प्लास्टिकची तार वितळवून थर चढवण्याच्या पद्धतीचं मूळ पेटंट २००९मध्ये संपलं आणि पुढे ही मशिनं आमच्या ऐपतीत आली. पंपाच्या इंपेलरची वाकडी पाती लाकडात कोरायला मला आठ दिवस लागायचे. प्रिंटरनं ती दीड दिवसात दिली. पहाटे शटर उघडून ती हातात घेतली, तेव्हा मला खरोखर भरून आलं.

पहिला मोठा जॉब मात्र गेला. पंपाची बॉडी, लांबी ३०० मिलिमीटर. फाउंड्रीतून आली ती २९७. ड्रॉइंगची मापं आम्ही तशीच फाइलमध्ये भरली होती. लाकडावर काम करताना हे आकसणं, म्हणजे श्रिंकेज, वेगळं आठवावं लागत नाही, ते पट्टीतच असतं. कॉम्प्युटरचा मिलिमीटर शाळेच्या पट्टीचा असतो, हे मला ३ मिलिमीटर गेल्यावर कळलं.

दुसरी गोष्ट मोल्डरनं, म्हणजे वाळूत साचा बसवणाऱ्यानं, शिकवली. त्यानं पॅटर्न हलक्या हातानं ठोकून सैल केला, सरळ वर उचलला, आणि वाळूची अख्खी कडा सोबत वर आली. त्यानं माझं बोट धरून पॅटर्नच्या उभ्या बाजूवरून फिरवलं. ०.२ मिलिमीटरच्या थरांच्या बारीक पायऱ्या बोटाला लागत होत्या. वाळू त्यांनाच धरून बसली होती. तेव्हापासून पुट्टी, पॉलिश पेपर आणि पुन्हा पुट्टी. टेपरही, म्हणजे उभ्या बाजूंचा उतार, आम्ही थोडा वाढवून देतो. (आणि असा पॅटर्न एप्रिलच्या उन्हात टेम्पोच्या केबिनमध्ये ठेवू नका. पीएलए हे प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं.)

आता तर पॅटर्नशिवाय थेट वाळूचाच साचा छापणारी मशिनं आहेत. वाळूचा पातळ थर पसरायचा, हवा तिथं बाइंडर सोडायचा, की पुढचा थर. मी ती पाहिली आहेत, आणि ती वाढावीत असंच मला वाटतं. पण त्या साच्यातही रस कुठून सोडायचा, जाड भाग शेवटी थंड होतो तिथं जादा रस पुरवणारा रायझर कुठं ठेवायचा, हे फाइल करणाऱ्यालाच ठरवावं लागतं. सिम्युलेशन चूक दाखवतं खरं, पण ती चूक ओळखण्यासाठी ओतकाम पाहिलेला डोळा लागतो. आमच्या भागात हा डोळा असलेले मिस्त्री आता साठीच्या पुढे आहेत.

म्हणून मशीन घ्यायला निघालेल्या माझ्या धंद्यातल्या भावंडांना एकच विनंती. ज्या पोराच्या हाती माऊस देणार, त्याला आधी महिनाभर मोल्डरच्या हाताखाली ठेवा. त्या महिन्याचा पगार पूर्ण द्या.