रिकामा रकाना

दिवाळीपूर्वीची आवराआवर चालू होती. माळ्यावरील ट्रंकेच्या तळाशीं लाल पुठ्ठ्याची एक लांबट वही सांपडली. रद्दीच्या ढिगावर टाकण्यापूर्वीं आमच्या सौभाग्यवतीनें ती माझ्यापुढें धरली. "ही तुमचीच ना? नुसतीं नांवेंच नांवें आहेत हींत." मीं वही उघडली. पहिल्याच पानावर माझ्या अक्षरांत लिहिलें होतें: 'सप्टेंबर २०२१. नंबर नाहीं.' त्याखालीं तेरा नांवें, आणि प्रत्येक नांवापुढें एक रकाना.

जालन्याच्या एका लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांत मीं अठ्ठावीस वर्षें हजेरी-पगाराचें काम केलें आणि २०२२ सालीं निवृत्त झालों. 'जालना सोने का पालना' ही म्हण लहानपणापासून ऐकत आलों; पण मीं पाहिला तो पाळणा लोखंडाचा. ठिकठिकाणचें भंगार भट्टींत वितळवावयाचें, त्याचे बिलेट पाडावयाचे आणि ते लालभडक असतांना रुळांतून काढून सळ्या करावयाच्या. हें काम करणारे हात कांहीं परतूर-मंठ्याकडचे, तर बरेचसे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा इकडून आलेले. ते मला मुनीमजी म्हणत, आपल्याकडचे लोक साहेब म्हणत. मी दोन्हीही नव्हतों. कारकून होतों.

ज्यांच्या घरांत नोकरदार मंडळी आहेत त्या वाचकांना फंड म्हणजे काय हें सांगावयास नको. १९५२ सालच्या कायद्यानें सुरू झालेली ही योजना दिसावयास फार साधी आहे. पगाराचे शेंकडा १२ कामगाराचे कापावयाचे, तितकेच मालकानें घालावयाचे. मालकाच्या भागांतून, ठरलेल्या मर्यादेपर्यंतच्या पगारावर शेंकडा ८.३३ निवृत्तिवेतनाकडे जातात, बाकीचे फंडांत पडतात. महिना संपला कीं पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत सर्वांचीं नांवें, नंबर व रकमा यांचें पत्रक पाठवावयाचें. पूर्वीं नंबर त्या त्या कारखान्यापुरता असे. कामगार गेला कीं नंबर मागें राही. २०१४ पासून बारा आंकडी कायमचा नंबर मिळूं लागला. माणूस कोठेंही गेला तरी नंबरानें त्याच्याबरोबर जावें अशी ती कल्पना. कल्पना उत्तम होती. तिच्या आड आलों ते आम्ही.

नवा मनुष्य कामावर आला म्हणजे त्याला विचारावयाचें, "पूर्वीं कोठें होतास? जुना नंबर आहे का?" त्यानें मान हलवावी. ती मान 'नाहीं' म्हणून हलली कीं 'ठाऊक नाहीं' म्हणून, याची चौकशी करावयास सवड असावी लागते, आणि १५ तारीख कुणासाठीं थांबत नाहीं. जुना नंबर शोधावयाचा तर चार दिवस. त्या काळीं नवा काढावयाचा तर पांच मिनिटें. मीं पांच मिनिटें पसंत केलीं. एकदांच नव्हे.

आणि समजा, जुना नंबर सांपडला, तरी नांव जुळावयास हवें. आपल्याकडे नांव ही काय चीज आहे! घरीं बाळू, शाळेंत बाळासाहेब, रेशनकार्डावर बाळाजी. बापाचें नांव कोठें आहे, कोठें गळालेलें. जन्मतारखेची गोष्ट तर विचारूंच नये. आमच्या कामगारांपैकीं कित्येकांचा वाढदिवस एकच, १ जून! शाळा जूनमध्यें उघडे. बाप मुलाला हाताला धरून गुरुजींकडे नेई. मूल सहा वर्षांचें दिसे. गुरुजी वर्ष ठरवीत आणि १ जून लिहून मोकळे होत. त्या गुरुजींना मी नांवें ठेवीत असें. पुढें मीही तेंच केलें, फक्त कागद हाताशीं नसला म्हणजे १ जूनच्या ऐवजीं १ जानेवारी लिहिली.

हें केवळ मजुरांचेंच होतें असें समजूं नये. आमच्या वहिनींनीं लग्नापूर्वीं दोन वर्षें बियाण्यांच्या एका कंपनींत टंकलेखिकेचें काम केलें होतें. लग्नांत तबकांतल्या तांदळांवर दादांनीं अंगठीनें नवें नांव लिहिलें, आणि स्वतःचें नांव, मधलें नांव, आडनांव हीं तिन्ही एका दिवसांत पालटलीं. फंडाला तें कळवावयाचें कुणीं? "माहेरचें नांव माहेरींच राहिलें, आणि त्याच्याबरोबर माझे पैसेही," असें त्या अजून हंसत सांगतात. दादा त्या वेळीं वर्तमानपत्र जरा वर धरतात.

वहिनींच्या पैशांवर घरांत विनोद होऊं शकतो, कारण कुणाचें पोट त्यावर अवलंबून नव्हतें. २०२३ च्या हिवाळ्यांत माझ्या दारीं आलेल्या मनुष्याचें तसें नव्हतें. भट्टीवरचा जुना मिस्त्री, परतूर तालुक्यांतला. वयाचीं अठ्ठावन्न वर्षें नुकतीं भरलेलीं. हातांत प्लास्टिकची पिशवी, तींत कागद. अंगणांतच उभा राहिला. पुष्कळ आग्रह केल्यावर ओटीच्या कडेला टेकला.

"साहेब, माझीं अकरा वर्षें भरलीं. आतां म्हणत्यात चारच दिसत्यात."

निवृत्तिवेतनास निदान दहा वर्षांची सेवा लागते. २०१२ पासून एका कारखान्यांत चार वर्षें, मग आमच्याकडे तीन, नंतर तिसरीकडे चार. मिस्त्रीचा हिशेब चोख होता. पण कागदोपत्रीं हीं अकरा वर्षें एका माणसाचीं नव्हतीं. पहिल्या कारखान्यानें बापाचें नांव चुकीचें लिहिलें होतें, आणि तो कारखाना पुढें बंदही पडला. तिसऱ्यानें आधारकार्ड पाहून सर्व बिनचूक भरलें होतें. मधल्या नंबरावर जन्मतारीख होती १ जानेवारी. पिशवींतील तो कागद मीं दोनदां पाहिला. अक्षर माझें होतें.

मनांतल्या मनांत आंकडेमोड केली. सरासरी पगार १४,००० धरला तर त्याला ११ नें गुणावयाचें आणि ७० नें भागावयाचें: महिना २,२०० रुपये, जन्मभर, आणि त्याच्या पाठीमागें बायकोलाही त्यांतला हिस्सा. नाहीं तर हातीं एक ठोक रक्कम. ती मुलीच्या लग्नांत नाहीं तर विहिरींत जिरावयाची. फंडाच्या कार्यालयाला मी दोष देत नाहीं. त्यांच्यापुढें तीन निरनिराळीं माणसें उभीं होतीं. तीं तीन नसून एकच आहे हें ज्याला ठाऊक, तो मिस्त्रीच्या समोर ओटीवर बसला होता.

चूक दुरुस्त करण्याचा मार्ग असतो. कामगार व मालक यांच्या सह्यांचें संयुक्त निवेदन त्या वेळीं द्यावें लागे. त्याची रीत त्याच वर्षीं, २०२३ सालीं, नव्यानें ठरली होती, आणि नांव, बापाचें नांव, जन्मतारीख, कामावर लागल्याची व सुटल्याची तारीख अशा अकरा बाबी तींत दुरुस्त करतां येत होत्या. बंद पडलेल्या कारखान्यासाठीं राजपत्रित अधिकाऱ्याची सही मिळविली. मग मी माझ्या जुन्या कचेरींत गेलों. माझ्या खुर्चीवरील तरुणानें विचारलें, "कारण काय लिहूं, काका?" अशा वेळीं 'लेखनदोष' असें लिहिण्याची वहिवाट आहे. मीं सांगितलें, "जुना नंबर न विचारतां नवा काढला व जन्मतारीख कागद न पाहतां भरली, असें लिही." मालकांना तें रुचलें नाहीं. "इतकें खरें लिहिण्याची जरूर होती का?" असें ते जिन्यांत मला म्हणाले. सही मात्र त्यांनीं केली.

अर्ज एकदां परत आला. शाळेच्या दाखल्यांत आणि आधारकार्डांत एका इंग्रजी अक्षराचा फरक होता. पुन्हां पाठविला. सात महिन्यांनीं तिन्ही नंबरांचीं वर्षें एकत्र झालीं आणि त्यानंतर कांहीं दिवसांनीं बँकेंत पहिले पैसे पडले. त्या दिवशीं मिस्त्री मोसंब्यांची पिशवी घेऊन आला. सौ.ला म्हणाला, "साहेब होते म्हणून झालं." तीं मोसंबीं घशाखालीं उतरविणें कठीण गेलें; परत करणें त्याहून कठीण होतें. अर्जावर मीं खरें लिहविलें, पण तो अर्ज इंग्रजींत होता. मिस्त्रीला तोंडानें सांगण्याचें धैर्य मला आजतागायत झालेलें नाहीं.

वही सांपडली त्याच आठवड्यांत पुतण्या न्यू जर्सीहून सुटीवर आला. त्याला ही हकीकत सांगितली तेव्हां तो म्हणाला कीं, तिकडेही हें दुखणें जुनेंच आहे. अमेरिकेंत सामाजिक सुरक्षेचा कायदा १९३५ सालीं झाला आणि १९३६ च्या अखेरीस नऊ आंकडी नंबर वांटले जाऊं लागले. १९३८ मध्यें पाकिटें करणाऱ्या एका कारखान्यानें, कार्ड पाकिटांत कसें बसतें हें दाखविण्यासाठीं नमुन्याचें कार्ड छापून आंत घातलें. आणि त्यावर नंबर छापला तो आपल्याच कचेरींतील एका बाईचा, खराखुरा! वुलवर्थच्या दुकानांतून तीं पाकिटें देशभर गेलीं. लोकांनीं पाकिटाबरोबर नंबरही आपलासा केला. १९४३ सालीं ५,७५५ माणसें त्या एका बाईचा नंबर लावून काम करीत होतीं. तिला बिचारीला नवा नंबर द्यावा लागला.

आमच्या मुलांना ही गोष्ट इतकी आवडली कीं, त्यांनीं ती दोनदां सांगावयास लावली. मला मात्र पुतण्याची दुसरी गोष्ट अधिक लागली. ज्या मजुरीचें नांव आणि नंबर जुळत नाहींत, तिची नोंद तिकडे एका वेगळ्या खतावणींत ठेवतात. कष्ट झाले हें ठाऊक. कुणाचे झाले हें ठाऊक नाहीं. तो नोकरीवर लागला तेव्हां त्याचा नंबर यावयाचा होता. मीं विचारलें, "मग तुझ्या हिशेबनिसानें काय भरलें?" तो म्हणाला, "कांहीं नाहीं. कागद असेल तर 'अर्ज केला आहे' असें लिहितात, संगणक असेल तर शून्यें घालतात. नंबर आला म्हणजे दुरुस्तीचें पत्रक पाठवितात. मनानें आंकडे घालावयाचे नाहींत."

१ सप्टेंबर २०२१ पासून आपल्याकडे असा नियम लागू झाला कीं, ज्याचा नंबर आधारकार्डाशीं जोडलेला नाहीं त्याचे पैसे पत्रकांतून भरतांच येऊं नयेत. आमच्या पत्रकांतून तेरा माणसें गळालीं. त्या महिन्यांत मीं पुष्कळ चडफड केली. लाल वही त्या चडफडींतून निघाली. पण रकाना रिकामा होता म्हणूनच मीं त्या माणसांच्या मागें लागलों, कुणाला बँकेंत तर कुणाला आधार केंद्रांत घेऊन गेलों. मिस्त्रीचें नांव या वहींत नाहीं. तो केव्हांच आमच्याकडून गेलेला होता, आणि होता तोंवर त्याचा रकाना भरलेलाच होता.

तेरांपैकीं बारा नांवांपुढें बारीक अक्षरांत नंबर आहेत. तेरावा मुलगा बिहारचा, ऐन विशींतला. दिवाळीला म्हणून गांवीं गेला तो परतलाच नाहीं. त्याचा फोन नंबर नांवाखालीं लिहिलेला होता. त्या संध्याकाळीं मीं तो लावून पाहिला. फोन एका बाईनें उचलला. तिचें बोलणें मला नीट समजेना आणि माझें तिला. मागें कुठेंतरी लहान मूल रडत होतें. "मुनीमजी बोलतोय, जालन्याहून," एवढेंच मी पुन्हां पुन्हां सांगत होतों.

सौ.नें वही ट्रंकेंत परत ठेवली.