काचेपलीकडचा पाहुणा

सिंगापूरला जाऊन आलेला मराठी माणूस परतल्यावर तीन गोष्टी हमखास सांगतो : रस्ते स्वच्छ आहेत, प्राणिसंग्रहालय रात्रीही पाहता येते आणि मुस्तफाच्या दुकानात वाटेल ते मिळते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी धाकट्या बहिणीकडे पंधरा दिवस राहून आलो. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, हे आधीच कबूल करून टाकतो; म्हणजे चौथी सांगायला मी मोकळा.

ती दाखवायला मेहुणे मला घेऊन गेले. चांगी विमानतळाच्या अलीकडे मेट्रोचे एकच स्टेशन, नाव ‘एक्स्पो’. स्टेशनाला लागूनच प्रदर्शनांची दहा अवाढव्य दालने आहेत. मेहुणे प्रदर्शनांचे स्टॉल उभारणाऱ्या एका कंपनीत नोकरीला आहेत. आमच्या आईने एकदा “जावई मांडववाले आहेत” असे कुणालासे सांगितले, तेव्हापासून घरात तोच शब्द रूढ झाला आहे. आम्ही गेलो त्या दिवशी आत फर्निचरचा सेल चालला होता. सोफ्यांच्या गर्दीत मेहुणे एके जागी थांबले आणि म्हणाले, “दादा, काच इथं होती.”

वाचकहो, या काचेची हकीकत सांगण्यापूर्वी या देशाचा संसार कसा चालतो ते थोडक्यात सांगायला हवे. साडेसातशे चौरस किलोमीटरही भरणार नाही असे हे बेट. शेती नावापुरती, खाणी नाहीत, पाणीसुद्धा बरेचसे शेजारच्या मलेशियातून येते. तेव्हा जगाने येथे यावे, बसावे, बोलणी करावीत, उतरावे, जेवावे, यावर हजारो घरांच्या चुली पेटतात. परिषदा आणि प्रदर्शने हे येथे पीकच आहे म्हणा ना! २०१८ च्या जूनमध्ये ट्रम्प आणि किम यांची भेट येथे झाली, तेव्हा यजमानपणाचा सुमारे १ कोटी ६३ लाख सिंगापूर डॉलर खर्च या देशाने स्वतःच्या खिशातून केला. अशा पाहुणचाराची जाहिरात केवढी होते, हे त्याला पक्के ठाऊक होते.

आणि मग २०२० साल आले. आदल्या वर्षी चांगीवरून ६ कोटी ८३ लाख उतारू गेले-आले होते. त्या वर्षी उरले १ कोटी १८ लाख, तेही बहुतेक पहिल्या तिमाहीतले. मेहुणे म्हणाले, “आठ महिने मी एक खिळा ठोकला नाही.”

टाळेबंदीत आपला कोपऱ्यावरचा वाणी अर्धे शटर वर करून आत बसत असे, आठवते? विक्री बेताचीच, पण दुकान चालू आहे हे गिऱ्हाइकाला दिसले पाहिजे. सिंगापूरने तेच केले. ऑक्टोबरात ऊर्जाविषयक परिषदेसाठी अडीचशे माणसे जमवून पाहिली. नोव्हेंबरात मरीना बे येथे पर्यटन व्यवसायाचे प्रदर्शन भरवले. डिसेंबरच्या ७ तारखेला तर दावोसची जागतिक आर्थिक परिषद पुढच्या मे महिन्यात सिंगापुरात भरणार, असे जाहीर झाले. आणि १५ डिसेंबरला काचेची योजना आली : ‘कनेक्ट अ‍ॅट चांगी’.

परदेशी व्यापाऱ्याने विमानातून उतरून थेट या दालनात यावे. येथेच राहावे, ठराविक दिवसांनी तपासणी करून घ्यावी; विलगवास माफ. भेटीला येणारा स्थानिक माणूस शहराकडच्या दाराने येणार. मध्ये हवाबंद काच. बोलणी तिच्या आरपार. एका रात्रीचे ३८४ डॉलर, त्यात जेवणखाण आणि तपासणी आली. थोडक्यात, देशात या, पण देशात येऊ नका!

मला हसू आले. मेहुणे हसले नाहीत. “या काचेनं माझी नोकरी राहिली,” ते म्हणाले. ते काच बसवणाऱ्यांतलेच एक होते.

पण शटरामागे आणखी एक खोली होती. २०२० च्या एप्रिलपासून याच दालनांत सौम्य आजाराच्या रुग्णांच्या खाटा होत्या. त्यांत परदेशी मजूर पुष्कळ. इमारती बांधणारे, आपल्याकडचे आणि बांगलादेशातले. काचेची घोषणा झाली त्याच्या आदल्याच दिवशी, १४ डिसेंबरला, सरकारने आकडा दिला होता : वसतिगृहांत राहणाऱ्या मजुरांपैकी ४७ टक्क्यांना लागण होऊन गेली. हा आकडा दडवला नाही, हे खरे. पण पाहुण्यांसाठी काचेचे दालन सजत होते तेव्हा हे यजमानाचे गडी वसतिगृहातून मोकळेपणी बाहेरही पडू शकत नव्हते, हेही तितकेच खरे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये पहिले पाहुणे आले. मे महिन्यात रोगाने पुन्हा उचल खाल्ली, आणि नेमकी विमानतळावरच! दावोसची परिषद आधीच ऑगस्टवर ढकलली होती. १७ मे रोजी ती रद्दच झाली. दारे खऱ्या अर्थाने उघडली ती एप्रिल २०२२ मध्ये, लस घेतलेल्यांना. २०२४ मध्ये चांगीचे उतारू पुन्हा ६ कोटी ७७ लाखांवर गेले. काच लावून जे जमले नाही, ते दार उघडल्यावर झाले. तरीही त्या काचेला मी वेडेपणा म्हणणार नाही. जग आपल्याला विसरेल, या भीतीने केलेला तो उद्योग होता, आणि ती भीती पोटाची होती.

परतताना गाडीत मेहुणे आपणहून बोलले. काच बसवायचे काम चालू होते त्याच आठवड्यात सांगलीला त्यांच्या आई गेल्या. भारतात जायला कुणी अडवीत नव्हते. परत यायला मात्र परवानगी लागे, आणि ती कधी मिळेल याचा नेम नव्हता. चुलतभावाने अग्नी दिला. मेहुण्यांनी तो फोनवर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

“मग गेलात कधी?” मी विचारले.

“बावीसच्या मे महिन्यात. घराला कुलूप होतं. शेजारच्या काकूंनी किल्ली आणून दिली, आणि म्हणाल्या, ‘पाहुण्यासारखा बाहेर काय उभा राहिलास? ये आत.’”