तांब्या किती उंच

मी शिपाई. नांदगावच्या एका हायस्कुलात तीसवर वर्षं घंटा वाजवली, वर्ग झाडले, पाण्याची टाकी भरली. लेखक नाही. आपल्या पोरांना अंक काढायचाय. ती मागं लागली, शाळेतल्या पोरांच्या तब्येतीवर लिहा म्हणाली. म्हटलं, मी काय डॉक्टर आहे? पण रात्री आडवा झाल्यावर ध्यानात आलं, की शाळेत पोराच्या तब्येतीचं शिपायाला जेवढं कळतं तेवढं कुणालाच कळत नाही. मास्तर फळ्याकडं बघतो. शिपाई दारात उभा असतो.

आधी माझं स्वतःचं सांगतो.

१९७२ चा दुष्काळ. मी पाचवीत. आमच्या तालुक्याला दुष्काळ नवा नाही, पण त्या साली विहिरींनी तळ दाखवला. माय रोडच्या कामावर खडी फोडायला जायची. तिथं मिळालेली सुकडी स्वतः न खाता पदराला बांधून आणायची. रेशनला लाल मिलो. त्याची भाकर थापताना फुटायची. सकाळी कोरा चहा पिऊन आम्ही शाळेत.

शाळेत पाणी पाजायला शिपाईमामा. बाकीची पोरं रांजणात तांब्या बुडवून घ्यायची. आम्ही वस्तीतली पाच पोरं ओंजळ करून उकिडवी बसायचो आणि मामा वरून धार सोडायचे. तांब्या एवढा उंच, की अर्धं पाणी कोपरावरून मातीत. दुष्काळ होता, लक्षात घ्या! पाण्यासाठी बाया मैलमैल चालत होत्या आणि इथं विटाळापायी अर्धा तांब्या मातीत चालला होता.

एक दिवस प्रार्थनेला उभा असताना डोळ्यांपुढं अंधार आला. पडलो. अंगात ताप. मास्तर लांबूनच म्हणाले, "अरे, ह्याला घरी न्या कुणीतरी." कुणी हललं नाही. मामांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग माझ्यापुढं पाठ करून बसले. "चल, बस पाठीवर." सरकारी दवाखान्यापर्यंत त्यांनी मला पाठीवर नेलं. त्यांच्या सदऱ्याला घामाचा अन् तंबाखूचा वास होता. माझं तापलेलं कपाळ त्यांच्या मानेवर. डॉक्टर म्हणाले, "तापाचं औषध देतो. पण पोराच्या पोटात अन्न नाही, त्याला मी काय देऊ?"

आठ दिवसांनी शाळेत गेलो. तहान लागली. ओंजळ केली. तांब्या खाली आला होता. ओंजळीला टेकला नव्हता. वीतभर खाली, एवढंच. पण पाचही जणांसाठी.

दोस्तांनो, त्या वितीचे गोडवे गायला मी बसलो नाही. एका माणसाची दया म्हणजे समता नव्हे. बाबासाहेबांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेचं लिहून ठेवलंय. बसायचं गोणपाट घरून आणायचं, घरी न्यायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. मास्तरनं परवानगी द्यायची, शिपायानं नळ सोडायचा. शिपाई नसला तर पाणी नाही. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेब तिथल्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. मी पाचवीत गेलो तोवर मधे ७२ वर्षं लोटली होती. देशाला घटना मिळाली, घटनेच्या कलम १७ नं अस्पृश्यता संपवली. आमच्या ओंजळीला काय मिळालं? वीतभर.

तरी सांगतो, ती पाठ मी विसरलो नाही. पुढं सावित्रीबाईंचं वाचलं. १८९७ साली पुण्यात प्लेग. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेग झालेल्या पोराला त्यांनी पाठीवर घेतलं आणि यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना प्लेग झाला. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आपली पहिली बाई ही. बाराखडी शिकवणं आणि आजारी पोराला उचलणं ही तिच्यासाठी वेगळी कामं नव्हती. ज्या पोराला शिवायचं नाही त्याचा ताप बघणार कसा? कपाळावर हात ठेवल्याबिगर ताप कळत नाही.

मी शिपाई झालो तेव्हा पहिल्या दिवशी रांजणाजवळचा तांब्या बाजूला केला. पाच पेले ठेवले. ज्यानं त्यानं बुडवून प्या. पुढं नळ आले. पण दारात उभं राहिल्यावर बाकी पुष्कळ दिसायला लागलं. तिसऱ्या तासाला झोपणारं पोरगं आळशी नसतं, उपाशी असतं. फळ्यावरचं चुकीचं उतरवणाऱ्याला मास्तर हाणतो, आणि त्याला लांबचं दिसतच नसतं. आठवीतली पोरगी महिन्याला चार दिवस गैरहजर, कारण संडासाला कडी नाही. मी सुतार बोलावून कडी बसवली. वीस रुपयांची कडी. त्या वीस रुपयांचं बिल पास व्हायला तीन महिने गेले. पोरगी मात्र दुसऱ्या महिन्यापासून यायला लागली.

आता माझ्या शरमेचं सांगतो.

१५ ऑगस्ट १९९५ पासून सरकारनं शाळेत आहार सुरू केला. आधी पोरांना नुसता तांदूळ मिळायचा. सुप्रीम कोर्टानं २८ नोव्हेंबर २००१ ला हुकूम केला, की शिजवून द्या. २० एप्रिल २००४ ला आणखी सांगितलं, की स्वयंपाकी नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्या. हुकूम झाला. पण हुकूम कागदावर असतो आणि खिचडी पातेल्यात.

२००९ साली आमच्या शाळेत खिचडी शिजवायला आपल्या वस्तीतली एक विधवा बाई लागली. तिसऱ्या दिवशी अर्ध्या थाळ्या रिकाम्या. पोरं म्हणायला लागली, पोट दुखतंय. घरून डबा आणलाय. मला बरोबर कळलं कुठं दुखतंय ते. मावशी डाव हातात धरून पातेल्याशी बसलेली. हेडमास्तर हापिसात. आणि मी? मी भिंतीला टेकून उभा. संस्थेचे लोक, पालक, माझी नोकरी, सगळं डोक्यात फिरलं. ज्यानं धार प्यायली तो गप उभा राहिला.

पाचवीच्या बाई आल्या. वयानं लहान, वरच्या जातीच्या. स्वतःची थाळी घेतली, पोरांच्या पंगतीत मांडी घातली आणि खायला लागल्या. भाषण नाही, काही नाही. संपल्यावर म्हणाल्या, "मावशी, आणखी वाढा." दोन पोरं सरकत त्यांच्याजवळ आली. मग चार. आठवड्यात बहुतेक पंगत भरली. दोन घरांनी मात्र शेवटपर्यंत डबाच दिला.

त्या संध्याकाळी मावशी भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "दादा, बाई परक्या असून जेवल्या. तुम्ही तर आपले. तुम्ही एक घास खायचा ना."

दुसऱ्या दिवसापासून रोज पोरांदेखत तिच्या हातचं खाल्लं. पण तो एक दिवस गेला तो गेला.

आमच्याच तालुक्यात, मनमाडला, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. बाबासाहेबांनी तिथं कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. मावशीच्या चुलीशी मी दोन्ही बघितले. एकीकडं तिच्या हातचं नको. दुसरीकडं त्याच हाताला २००९ साली केंद्रानं ठरवलेलं मानधन महिना १००० रुपये, तेही वर्षातले १० महिने. पाचवीपर्यंतच्या पोराच्या ताटात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं पाहिजेत, असा नियम आहे. पोराचं मोजमाप लिहिलंय. शिजवणारीच्या पोटाचं कुणी लिहिलं?

तुम्ही मोर्चे काढता, काढा. जयंतीला मिरवणूक काढता, काढा. पण एक दिवस दुपारी आपल्या गावच्या शाळेत जा. पंगत कशी बसते ते बघा. वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची असते, ती पोरांसमोर घ्या म्हणावं. संडासाला कडी आहे का बघा. २०१३ पासून आरोग्य पथकाचे डॉक्टर शाळेत तपासणीला येतात, पण वर्षातून एकदा. त्यांनी लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन पोरगं पुढं दवाखान्यात गेलं का, ते विचारा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन जण पालक पाहिजेत आणि निम्म्या बाया. आपल्या वस्तीतल्या बाया तिथं बसवा. नुसत्या सहीपुरत्या नाही, बोलायला.

डॉक्टर एक दिवस येऊन जातो. बाकीचे दिवस पोरगं मास्तर, शिपाई आणि मावशीच्या नजरेखाली असतं. त्यांच्यात जो कपाळावर हात ठेवतो त्याच्या पाठीशी उभे राहा, मग तो कुठल्याही जातीचा असो. आणि जो भिंतीला टेकून गप उभा असतो त्याला हलवा. तो कदाचित आपलाच असेल. मी होतो.

जय भीम.